पाचवा खर्डा

मुलाखतीत विशाखा साळवेला प्रश्न असे फारसे विचारलेच नाहीत. एका शांत खोलीत बसवलं, कपाळाला मऊ पट्टी बांधली आणि एका इंग्रजी कादंबरीची वीस पानं हातात दिली.

"घाई नाही," समोरच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. "घरी वाचता तसं वाचा."

विशाखाने वाचलं. एका म्हाताऱ्या नावाड्याची गोष्ट होती. नवव्या पानावर तिला हसू आलं, सतराव्यावर एक परिच्छेद तिने दोनदा वाचला. डॉक्टरबाईंचं लक्ष तिच्याकडे नव्हतंच. पट्टीला जोडलेल्या पडद्यावर उमटणाऱ्या रेषा त्या पाहत होत्या. शेवटी त्यांनी पट्टी सोडली आणि म्हणाल्या, "तुमच्यासारखं वाचणारं माणूस आम्ही आठ महिने शोधतोय."

विशाखा चौतीस वर्षांची होती. नाशिकच्या एका कॉलेजात तिने अकरा वर्षं तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवलं आणि त्या जूनमध्ये कॉलेजने इंग्रजीचा विभागच बंद केला. निबंध यंत्र लिहीत होतं, तपासतही यंत्रच होतं, मधे शिकवणाऱ्या माणसाचं काय काम उरलंय हे कोणाला सांगता येईना. इंग्रजी साहित्य घेऊन काय करणार, असं विचारणारे नातेवाईक आता विचारतही नव्हते. आणि अशा वेळी ती जाहिरात आली: इंग्रजीवर आणि पुस्तकांवर मनापासून प्रेम असलेले वाचक हवेत. पगाराचा आकडा छापताना चूक झाली असावी असं वाटून तिने आधी कंपनीला फोन केला होता. चूक झालेली नव्हती.

पदाचं नाव होतं प्रथम वाचक. कंपनी परदेशी होती, पण हे ऑफिस गंगापूर रोडला होतं, आणि तिथले लोक त्याला वाचनगृह म्हणत.

काम काय ते डॉ. नाडगौडांनी, म्हणजे त्या मुलाखतीतल्या डॉक्टरबाईंनीच, पहिल्या दिवशी समजावलं.

"कादंबऱ्या आता यंत्र लिहितं, ते तुम्हाला माहीत आहे. एकेका कादंबरीचे सहा-सात खर्डे होतात. त्यातला चांगला कुठला हेही आम्ही यंत्रालाच विचारायचो. मग सगळी पुस्तकं एकसारखी व्हायला लागली आणि लोकांनी घेणं सोडलं. म्हणून माणूस हवा. मुरलेला वाचक. पण त्यात एक अडचण आहे. कोणतंही पुस्तक पहिल्यांदा एकदाच वाचता येतं. दुसरा खर्डा हातात दिला की वाचकाला शेवट माहीत असतो."

"मग सहा खर्डे सहा जणांना द्यायचे."

"सहा जणांच्या सहा आवडी. तुलना कशी करणार?" त्यांनी टेबलावर एक छोटी बाटली ठेवली. सर्दीला नाकात मारतात तशी. "नवी आठवण ओल्या सिमेंटसारखी असते. ती पक्की व्हायला काही तास लागतात, त्यासाठी मेंदूतल्या पेशी नवी प्रथिनं बनवतात. हे औषध ते काम थांबवतं. सगळ्या मेंदूत नाही. वाचताना जे जाळं जागं होतं त्याची खूण ही पट्टी करून ठेवते, औषध तेवढ्याच पेशींवर चालतं. घरी जाताना तुम्हाला दिवस आठवेल, डबा आठवेल, पुस्तक तेवढं आठवणार नाही. दुसऱ्या दिवशी पुढचा खर्डा, पुन्हा पहिल्यांदाच."

ऑफिसात या प्रकाराला 'पाटी पुसणं' म्हणत.

सकाळी नऊला वाचायला बसायचं. दीडशे पानांहून मोठी कादंबरी हल्ली कोणी घेत नसे, त्यामुळे तीन वाजेपर्यंत एक खर्डा होई. मग तासभर अहवाल लिहायचा: कुठे काय वाटलं, का वाटलं, वाचताना काय आठवलं. तो यंत्राकडे जाई, पुढचा खर्डा करताना कामी येई. मग पाटी पुसायची, अर्धा तास पडायचं आणि पाचला घर. विशाखाला संध्याकाळी काही आठवत नसे, पण अंग हलकं वाटायचं, लहानपणी एखादं पुस्तक संपवून उठल्यावर वाटायचं तसं. पुस्तक कोणतं ते माहीत नाही, आणि सुख मात्र खरं.

पहिल्या तीन महिन्यांत तिने दोन खोल्यांचा प्रशस्त फ्लॅट भाड्याने घेतला आणि मनमाडहून वडिलांना आणलं.

अण्णा, दौलत साळवे, रेल्वेत गार्ड होते. शाळा अकरावीपर्यंत, पण इंग्रजी उत्तम. मनमाडच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमधली लायब्ररी त्यांनी कपाटामागून कपाट वाचून काढली होती, आणि ती बंद झाली तेव्हा पुस्तकं रद्दीत जाण्याआधी दोन ट्रंका भरून घरी आणली होती. विशाखा त्याच ट्रंकांवर वाढली. आई, शकुंतला, विशाखा बारा वर्षांची असताना भुसावळच्या रेल्वे दवाखान्यात गेली. त्यानंतर घरात ही दोघं आणि पुस्तकं.

"वाचायचे पैसे देतात," अण्णा सगळ्यांना सांगत. त्यांना हे फार मजेचं वाटे.

दिवाळीच्या आसपास एका रविवारी अण्णा जुनं पुस्तक चाळत बसले होते. मधेच हसून म्हणाले, "विशू, या घड्याळजीच्या धाकट्या मुलीवरून तू माझ्याशी तीन दिवस बोलली नव्हतीस. आठवतं?"

"कुठला घड्याळजी?"

"अगं, हा." त्यांनी पुस्तक उलटं करून दाखवलं. हिरवं कापडी, मुखपृष्ठ नसलेलं. पहिली पानं फाटली होती, त्यामुळे नाव त्या दोघांनाही कधी कळलं नव्हतं.

विशाखाने ते हातात घेतलं. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. अक्षर तिचं होतं. पुस्तक तिने कधी पाहिलेलं नव्हतं.

अण्णा फिरायला गेल्यावर कपाटासमोर बसून तिने एकेक पुस्तक काढलं. तीनशेतली पंचेचाळीस अशी निघाली की ज्यांत तिच्या खुणा होत्या आणि तिला एक ओळही ओळखीची वाटत नव्हती.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिने हे ॲग्नेसताईंना सांगितलं. ॲग्नेस रुमाव मूळच्या वसईच्या, पन्नाशी उलटलेल्या, पूर्वी एका इंग्रजी दैनिकात होत्या. वाचनगृहात सगळ्यात जुन्या त्याच. त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"माझी बहीण म्हणते, आमचे हे जायच्या आधी वर्षभर मला रोज कविता वाचून दाखवायचे. बाल्कनीत बसून. ती म्हणते, मी हे सगळ्यांना सांगायचे. मला आठवत नाही ते." डबा पिशवीत ठेवत त्या म्हणाल्या, "नवरा आठवतो. बाल्कनी आठवते. बाल्कनीत आम्ही भाज्या निवडायचो असं मला वाटतं."

"तुम्ही डॉक्टरांना विचारलं नाही?"

"विचारलं तर उत्तर मिळेल ना, म्हणून नाही विचारलं."

विशाखाने विचारलं. डॉ. नाडगौडांनी लपवालपवी केली नाही. त्यांना कधीतरी हा प्रश्न येणार हे माहीत असावं.

"जुनी आठवण काढली की तीही काही तास ओली होते," त्या म्हणाल्या. "कपाटातून काढलेली वस्तू परत ठेवावी लागते तसं. परत ठेवायलाही पेशींना प्रथिनं लागतात. तुम्ही वाचता तेव्हा तुम्हाला दुसरी पुस्तकं आठवतात, माणसं आठवतात. पट्टी त्यांचीही खूण करते. पाटी पुसली की ती परत ठेवली जात नाहीत."

"चाचण्यांत हे दिसलं नाही?"

"चाचण्या कॉलेजच्या मुलांवर झाल्या. त्यांना वाचताना फारसं काही आठवत नाही. तुम्ही एक ओळ वाचता आणि दहा गोष्टी जाग्या होतात. तुमची निवड त्यावरच झाली."

"म्हणजे मी जितकं चांगलं वाचेन तितकं माझं जाईल."

"करारात आहे ते. कलम एकोणीस, संलग्न स्मृती." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "तुम्ही नोकरी सोडलीत तर मी तुम्हाला अडवणार नाही."

कोणीही म्हणेल की विशाखाने त्याच दिवशी नोकरी सोडायला हवी होती. तिने सोडली नाही. घर झालं होतं, अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि अकरा वर्षं तासिका मोजून जगल्यावर पहिल्यांदा तिच्या वाचनाला कोणीतरी किंमत देत होतं. ती स्वतःला म्हणाली, जपून वाचेन. आपलं काही आठवू द्यायचं नाही, फक्त समोरचं पान. पण जपून वाचलं की पडद्यावरच्या रेषा सपाट होत, वरून विचारणा येई. आणि दुपारी कुठल्यातरी पानावर ती जपणं विसरून गेली की नाही, हे संध्याकाळी तिला कळायचा मार्गच नव्हता.

तिने एक वही केली. आपल्याला जपायच्या साठ गोष्टी तिने प्रश्नांसारख्या लिहून काढल्या. शाळेतल्या बाईंचं नाव. मनमाडच्या क्वार्टरच्या दाराचा रंग. आई कुठे गेली, कधी गेली, तेव्हा मी किती वर्षांची होते. रोज घरी आली की चपला काढायच्या आत ती वही उघडून स्वतःची परीक्षा घेई. साठच्या साठ उत्तरं बरोबर यायची. तरी तिला झोप नीट लागत नसे, कारण जे वहीत लिहायचं राहिलं ते गेलं तर ते राहिलं होतं हेसुद्धा कळणार नव्हतं.

अण्णा तिच्याकडे पाहत. "काय पाठ करतेस रोज?" एकदा त्यांनी विचारलं.

"ऑफिसचं आहे."

फेब्रुवारीत कंपनीची एक कादंबरी फार गाजली. वेल्समधल्या खाणीच्या गावातली गोष्ट. विशाखाने तिचे सगळे खर्डे वाचले होते, असं ऑफिसची नोंद सांगत होती, आणि तिने निवडलेला पाचवा खर्डा छापला होता. वाचकांना एकेक प्रत भेट मिळाली. तिने ती घरी आणून टेबलावर ठेवली आणि विसरली. अण्णांचं ऑपरेशन झालं होतं, नव्या डोळ्यांनी ते मिळेल ते वाचत सुटले होते.

एका सकाळी ती स्वयंपाकघरातून बाहेर आली तर अण्णा गॅलरीत पुस्तक मिटून बसलेले. चहा तसाच, वर साय धरलेली.

"विशू, हे तू लिहिलंस?"

"यंत्राने लिहिलंय. का?"

"बस. वाच. आठवं प्रकरण."

ती वाचायला बसली. खाणीच्या गावातल्या दवाखान्यात एक बाई आजारी आहे. तिला फक्त तिथली वेल्श भाषा येते. तिची बारा वर्षांची मुलगी उशाशी बसून एक इंग्रजी कादंबरी वाचते आणि वाक्यावाक्याला वेल्शमध्ये सांगत जाते. शब्द अडला की मुलगी मनाने काहीतरी जोडते, आणि आईला ते कळतं, पण ती बोलत नाही. खिडकीबाहेर कोळशाच्या गाड्या जातात. आई डोळे मिटून आवाजावरून डबे मोजते आणि आकडा सांगते. शेवटी एका संध्याकाळी मुलगी वाचत असतानाच आई जाते, आणि मुलीला ते कळत नाही. ती आणखी दोन पानं वाचत राहते.

विशाखाच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बिचारी मुलगी," ती म्हणाली.

अण्णांनी पुस्तक तिच्या हातातून घेतलं. मग हळू म्हणाले, "ती मुलगी तू आहेस."

तिला कळेना.

"भुसावळला शकू महिनाभर होती. तिची सातवी झालेली, इंग्रजी कुठलं. तू तो घड्याळजी वाचायचीस आणि तिला मराठीत सांगायचीस. मी लाइनवरून आलो की शकू मला तुझ्या चोऱ्या सांगायची, पोरीने आज तीन ठिकाणी मनाचं घातलं म्हणून. आणि डबे मोजायची ती. गार्डाची बायको. बेचाळीस म्हणाली तर बेचाळीसच असायचे." ते तिच्याकडे वळले. "हे तुला आठवत नाही?"

विशाखाने वही आणली. आई कुठे गेली, भुसावळ. मी किती वर्षांची, बारा. उत्तरं बरोबर होती. पण त्या उत्तरांच्या मागे काही नव्हतं. खोली नाही, पलंग नाही, आवाज नाही. तिने डोळे मिटून पुन्हा पुन्हा पाहिलं. आईच्या आजारपणाचा तो सगळा महिना तिला आता फक्त माहीत होता.

मग तिने अण्णांना सगळं सांगितलं. पट्टी, बाटली, अहवाल. चौथ्या खर्ड्यात कुठेतरी आजारी आई आली असणार. तिला भुसावळ आठवलं असणार, तिने ते प्रामाणिकपणे अहवालात लिहिलं असणार आणि मग पाटी पुसून घरी आली असणार. यंत्राने अहवाल वाचून पाचवा खर्डा केला. दुसऱ्या दिवशी तोच तिच्या समोर आला, परक्या मुलीची गोष्ट म्हणून, आणि तिने त्याला सगळ्यांत जास्त गुण दिले.

अण्णांनी पुस्तक पुन्हा उघडून आठवं प्रकरण काढलं. "एक चूक आहे त्यात," ते म्हणाले. "शकू गेली तेव्हा तू वाचत नव्हतीस. तिला मोसंबी हवी होती, तू खाली आणायला गेलीस. मी होतो तिच्याजवळ. तू पिशवी घेऊन आलीस तेव्हा नर्स पडदा लावत होती."

पुढच्या सोमवारी विशाखाने राजीनामा दिला. आपले अहवाल परत मागितले.

"यंत्राने ते घेतले की आम्ही नष्ट करतो," डॉ. नाडगौडा म्हणाल्या. "वाचकांचं खासगी आयुष्य बाहेर जाऊ नये म्हणून."

"ते पुस्तक होऊन अकरा देशांत गेलंय."

"मी वर लिहीन," त्या म्हणाल्या. विशाखाने वाट पाहिली नाही.

बाहेर ॲग्नेसताई भेटल्या. "तुम्हीही चला," विशाखा म्हणाली.

"माझं जायचं ते गेलं, बाळा. काय गेलं ते मला माहीत नाही, त्यामुळे दुखतही नाही. तुला दुखतंय, तू जा." त्यांनी तिचा हात दाबला आणि घड्याळात पाहिलं, नऊ वाजायला आले होते.

फ्लॅट सोडावा लागला. सातपूरला दोन छोट्या खोल्या मिळाल्या, आणि एका शाळेत पहिली-दुसरीच्या मुलांना वाचायला शिकवायचं काम. पगार पूर्वीच्या कॉलेजाएवढाही नव्हता. पण बाटली नव्हती, पट्टी नव्हती. रोज थोडं थोडं ती जुनी पुस्तकं पुन्हा वाचायला लागली. घड्याळजीचं पुस्तक तिने नव्याने वाचलं, चांगलं होतं, आणि तिला त्याखेरीज काही वाटलं नाही.

आईबद्दल ती अण्णांना विचारत असे. ते सांगत, ती ऐकत असे. ऐकीव का होईना, हळूहळू एक खोली तयार होत होती.

एप्रिलमधल्या एका दुपारी अण्णा सांगत होते, "…आणि तू वाचतच होतीस. मी दारातून पाहिलं, शकूची मान कलली होती. पण तुझं आपलं चालूच. दोन पानं तरी वाचली असशील. मला तुला थांबवायचा धीर होईना."

विशाखाने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"अण्णा, मी मोसंबी आणायला गेले होते ना?"

ते थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिने कधी पाहिलं नव्हतं. आयुष्यभर गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून वेळेची आणि सिग्नलची नोंद ठेवलेला माणूस होता तो.

"हो," ते म्हणाले. "मोसंबी. हो."

"ते पुस्तक तुम्ही परत वाचलंत?"

"पुस्तक नाही. ते प्रकरण." ते खाली बघून म्हणाले, "रोज वाचतो. शकू दिसते त्यात. फोटोत दिसते त्याहून चांगली दिसते."

औषधाचा इथे काही संबंध नव्हता. आठवण काढली की ती ओली होते, आणि ओली असताना तिच्यावर जे पडेल ते उमटतं. ओल्या सिमेंटची उपमा डॉक्टरांचीच होती, आणि ती कुठल्याही माणसाच्या डोक्याला लागू होती. अण्णा रोज शकूची आठवण काढत होते आणि रोज तिच्यावर आठवं प्रकरण वाचत होते.

त्या दवाखान्याच्या खोलीत तीन माणसं होती. एक गेली होती. एकीचं पुसलं गेलं होतं. उरलेला एकटा साक्षीदार तिच्यासमोर बसला होता.

"पुस्तक द्या, अण्णा."

त्यांनी उशीखालून ते काढलं, पण लगेच दिलं नाही. "एवढं प्रकरण राहू दे."

"नाही राहू देता येणार."

त्यांनी दिलं. तिने ते कपाटात ठेवून कुलूप लावलं, आणि आपण आज त्यांच्याकडून काय काढून घेतलं ते तिला कळत होतं. मग तिने कोरी वही घेतली, खाली बसली.

"आता एकदाच सांगा. पहिल्या दिवसापासून. मी लिहून घेते, त्यानंतर मी परत कधी विचारणार नाही."

अण्णा दोन तास सांगत होते. वॉर्डाचा नंबर, आईच्या पलंगाचा मोडका पाय, पदराच्या टोकाला बांधलेल्या पेपरमिंटच्या गोळ्या. जिथे त्यांना खात्री नव्हती तिथे ते तसं म्हणत, आणि विशाखा तसंच लिहीत होती. शेवटच्या संध्याकाळपर्यंत आले तेव्हा ते थांबले. डोळे मिटून बसले. बाहेर कारखान्याची दुसऱ्या पाळीची बस जाऊन गेली.

"मला आता दोन्ही दिसतंय, विशू," ते म्हणाले. "तू पिशवी घेऊन दारात उभी आहेस तेही दिसतंय, आणि वाचतेयस तेही."

तिने पेन उचललं, पण काय लिहावं ते तिला सुचेना.

"दोन्ही लिही," अण्णा म्हणाले. "पण मोसंबीचं आधी लिही."